चल अक्षरांची समीक्षा : प्रतिमा-संपादन सॉफ्टवेअरमधील मजकूर-परिणाम आणि देवनागरी

प्रस्तावना :
संगणकाच्या पडद्यावर शब्द एकेक अक्षराने उमटणे, चकाकणे किंवा लहरणे यास ‘टेक्स्ट इफेक्ट’ असे म्हटले जाते. फोटोशॉप, गिंप यांसारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आपले विद्यार्थी हे तंत्र आत्मसात करतात. तथापि त्याची प्रात्यक्षिके बहुधा रोमन लिपी गृहीत धरून रचलेली असतात. हे गृहीतक देवनागरीस कितपत मानवते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी जळगावनजीकच्या ‘नशिराबाद’ या ग्रामनामाचा आधार घेतला आहे.

तंत्राचे स्वरूप :
या तंत्राचे मूळ तत्त्व सोपे आहे. प्रत्येक थरावर शब्दाची किंचित वेगळी अवस्था रेखाटायची आणि ते थर चौकटींप्रमाणे क्रमाने दाखवायचे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी रोपाची वाढ टिपली, ती याच तत्त्वाने. सुट्या, स्थिर चित्रांतून त्यांनी वाढीचा आभास निर्माण केला. आजही अशा चलचित्रांसाठी १९८७ साली आलेले जीआयएफ हे स्वरूप वापरले जाते. त्यात एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात आणि प्रत्येक चौकटीचा कालावधी सेकंदाच्या शतांशात ठरविता येतो.

वर्ण की अक्षर? :
रोमन लिपीत सुटे वर्ण शेजारी शेजारी उभे राहतात. त्यामुळे एक वर्ण म्हणजे एक चौकट हा हिशेब तेथे जुळतो. देवनागरीत तो जुळत नाही. युनिकोड संकेतानुसार ‘नशिराबाद’ या शब्दात न, श, ऱ्हस्व वेलांटी, र, काना, ब, काना, द असे ८ घटक आहेत. वाचकाच्या दृष्टीने मात्र अक्षरे ५ च. टंकलेखन-परिणाम ८ घटकांवर चालविला, तर आधी ‘नश’ दिसते. पुढच्या चौकटीत वेलांटी डावीकडे घुसते आणि ‘श’ उजवीकडे ढकलला जातो. जुन्या, दृश्य क्रमाने साठवण करणाऱ्या फाँटमध्ये तर वेलांटी व्यंजनाआधीच एकटी उभी राहते. ‘धुळे’ या शब्दात ४ घटक व २ अक्षरे आहेत. तेथे तिसऱ्या चौकटीत गावाचे ‘धुळ’ होते. हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे. येथे क्षणभर चुकीचा शब्द वाचला जातो.

शिरोरेषेचा प्रश्न :
दुसरी अडचण शिरोरेषेची आहे. लहर-परिणामात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे वरखाली होते; परिणामी शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे एकसंधपण हरपते. याउलट चकाकीचा परिणाम अक्षराकृतीस धक्का लावत नाही. म्हणून तो तुलनेने निर्दोष ठरतो.

यावरचा उपाय आपल्याच लेखनपरंपरेत आहे. शाळेत मूल आधी अक्षरे काढते व शेवटी शब्दावर रेघ ओढते. मोडी लिपीत याच्या उलट आधी रेघ आखली जाई व अक्षरे तिला लटकत जात. या दोन्ही आपल्या लिपीच्या अंगभूत गती आहेत. त्या साकारण्यासाठी संपूर्ण शब्द एकदाच टंकित करून त्याचे चित्रात रूपांतर करावे. नंतर शिरोरेषेची पट्टी स्वतंत्र थरावर घ्यावी. वेलांटीचा वरचा वळसा मात्र अक्षरासोबतच राहू द्यावा. ५ अक्षरांना प्रत्येकी ३० शतांश, शिरोरेषेस ५० आणि पूर्ण शब्द स्थिर ठेवण्यास २०० शतांश दिल्यास एकूण ४ सेकंद होतात.

मूल्यमापनाचे निकष :
संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार (आवृत्ती २.०, २००८) इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबविण्याची सोय वाचकास असावी लागते, तसेच एका सेकंदात ३ पेक्षा अधिक वेळा लखलखाट होऊ नये. अखंड फिरणारी व लुकलुकणारी शीर्षके या कसोटीस उतरणे कठीण आहे. हालचाल एकदाच होऊन शब्द स्थिरावणे हे अधिक श्रेयस्कर होय.

हालचालीविनाही अक्षर बोलके होऊ शकते, हे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांतून दाखविले. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवून देवनागरीस संगणकावर हक्काचे स्थान मिळवून दिले. या दोघांचाही विचार अक्षराकृतीपासून सुरू होतो. चल परिणामाची समीक्षाही तेथूनच सुरू व्हावयास हवी.

समारोप :
परिणाम ही केवळ सजावट आहे, तिला लिपीशास्त्राचा जाच कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वाचता न येणारे शीर्षक सजावट म्हणूनही अपुरेच असते. प्रात्यक्षिकास गुण देताना परिणाम किती झगमगतो यापेक्षा अक्षर अखंड राहिले का, शिरोरेषा सांधलेली आहे का आणि शब्द अखेरीस स्थिर होतो का, हे ३ प्रश्न विचारले जावेत. नशिराबादचा विद्यार्थी आपल्या गावाचे नाव पडद्यावर हलते करील, तेव्हा ते नाव प्रत्येक चौकटीत त्याच्याच लिपीच्या नियमाने घडावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.