देव्हाऱ्यातील मॅकबेथ

परदेशी कलावंत एखाद्या नगरीच्या कलामहोत्सवात येतात, तेव्हा ते एकाच वेळी पाहुणेही असतात आणि यजमानही. रंगमंच दुसऱ्याचा, प्रेक्षक दुसऱ्याचे, म्हणून ते पाहुणे; आणि दोन-तीन तासांपुरते आपल्या घराचे दार उघडून प्रेक्षकांना आत घेतात, म्हणून यजमान. अशा घरात शिरण्याच्या दोन रीती आहेत. एक, उंबरठ्यावर पायताण काढून आत जाण्याची. दुसरी, भिंतीवरील वस्तू नवलाईने न्याहाळून बाहेर पडण्याची. महोत्सवाच्या गर्दीत दुसरी रीत सोपी असते. त्यात पाहुण्यांनी आपल्या घरातील पूजास्थानच रंगमंचावर आणले असेल, तर हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. तो श्रद्धेच्या शिष्टाचाराचाही होतो.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. महायुद्धाने विस्कटलेल्या युरोपातील माणसे कलेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र यावीत, ही व्हिएन्नात जन्मलेल्या रुडॉल्फ बिंग यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची धडपड होती. पुढे या महोत्सवाने युरोपाबाहेरही हात पसरले. फ्रँक डनलॉप संचालक असताना, १९८५ च्या महोत्सवात जपानचे दिग्दर्शक युकिओ निनागावा यांनी आपला ‘मॅकबेथ’ तेथे आणला. मूळ प्रयोग टोकियोतील, १९८० चा. पुढे १९८७ मध्ये तो लंडनला गेला. निनागावा यांचे १२ मे २०१६ रोजी निधन झाल्यानंतरही २०१७ मध्ये पुन्हा लंडनच्या आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभा राहिला. आम्ही तो पाहिला आहे तो उत्तरकालीन चित्रमुद्रणावरून. त्यामुळे एडिंबऱ्याच्या प्रेक्षागृहात त्या रात्री काय वातावरण होते, याविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. प्रयोगाच्या रचनेविषयी मात्र आहे.

शेक्सपिअरचे हे नाटक वाचकांपैकी अनेकांनी महाविद्यालयात अभ्यासले असेल. शूर सेनापती मॅकबेथ चेटकिणींच्या भविष्यवाणीने आणि पत्नीच्या चिथावणीने आपल्या राजाचा, घरी आलेल्या पाहुण्याचा, झोपेत खून करतो. एका खुनापायी अनेक खून करीत जातो आणि अखेरीस स्वतः मारला जातो. कथा स्कॉटलंडची. म्हणजे स्कॉटिश लोकांचीच कथा जपानी माणसांनी जपानी भाषेत त्यांच्या राजधानीत नेऊन त्यांना सांगितली.

निनागावा यांनी कथा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानात नेली. सरदार सामुराई झाले, चेटकिणी काबुकी नाट्यपरंपरेप्रमाणे स्त्रीवेषातील पुरुष नटांनी सादर केल्या. परंतु वेषांतर एवढेच केले असते, तर त्यात अपूर्व असे काही नव्हते. अकिरा कुरोसावा यांनी १९५७ मध्येच आपल्या चित्रपटात मॅकबेथला जपानी किल्ल्यात व धुक्याच्या अरण्यात नेले होते. निनागावा यांचा खरा शोध निराळा आहे. नेपथ्यकार कप्पा सेनू यांनी संपूर्ण रंगमंचालाच एका प्रचंड बुत्सुदानाचे रूप दिले.

बुत्सुदान म्हणजे जपानी घरातील बौद्ध देव्हारा. त्यात बुद्धाची प्रतिमा असते, तशाच घरातील मृतांच्या नावांच्या लाकडी पट्ट्याही असतात. घरची माणसे त्याची दारे उघडतात, उदबत्ती लावतात, भात व पाणी ठेवतात, लहानशी घंटा वाजवितात आणि गेलेल्यांशी दोन शब्द बोलतात. ही कल्पना आपल्या घरच्या बुत्सुदानासमोर सुचली, असे निनागावा यांनी सांगितले आहे. तेथे उदबत्ती लावताना माणूस आपल्या मृतांशी संवाद करतो, मग मॅकबेथही आपलाच कोणी पूर्वज का नसावा, असा त्यांच्या विचाराचा आशय होता.

प्रयोगाच्या आरंभी दोन वाकलेल्या म्हाताऱ्या येतात, हात जोडतात आणि देव्हाऱ्याची भव्य दारे उघडतात. मगच नाटक सुरू होते. पुढे सारा वेळ त्या दोघी रंगमंचाच्या दोन बाजूंना बसून असतात. आपली शिदोरी खातात, हातातले काम करतात, समोर घडणारे पाहून रडतात. शेवटी त्याच दारे मिटतात. त्यांना संवाद नाही, कथेत स्थान नाही. तरी आमच्या मते या प्रयोगाचे मर्म त्यांच्यापाशीच आहे. एरवी ‘मॅकबेथ’ पाहणारा प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो. येथे म्हाताऱ्यांमुळे तो शोक करणाऱ्या कुटुंबात जाऊन बसतो. खुनी माणूसही कोणाच्या तरी घरचा होता, त्याच्यासाठीही कोणीतरी दिवा लावणारे असावे, ही जाणीव त्या दोन मूक स्त्रिया कसलाही उपदेश न करता देतात.

कॅथलिक वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. मृतांशी असलेले नाते मातीआड जात नाही, हे आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात संतांच्या समागमाचा उच्चार करून मान्य करतो. २ नोव्हेंबरला आपल्या गावातील प्रत्येक घर कबरीवर फुले घालते, मेणबत्त्या लावते; आणि ज्याच्या वर्तनाने घराला हयातभर मनस्ताप दिला, त्याच्या कबरीलाही कोणी वगळत नाही. जपानमधील श्रद्धावंतांना तर हा प्रश्न रोजच्या जगण्यात सोडवावा लागतो. कारण त्यांच्या नातलगांच्या घरी अनेकदा बुत्सुदान असते. तेथील बिशप परिषदेने १९८५ मध्येच, म्हणजे या प्रयोगाच्या एडिंबरा-भेटीच्या वर्षीच, पूर्वज व मृत यांच्याविषयी श्रद्धावंतांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

एडिंबऱ्याच्या संदर्भात या देव्हाऱ्याला आणखी एक अर्थ लाभतो. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपचा अधिकार नाकारला आणि मिस्सा अर्पण करण्यास बंदी घातली. धर्मसुधारकांनी वेद्या हलविल्या आणि त्यांच्याबरोबर मृतांसाठीची प्रार्थनाही सार्वजनिक उपासनेतून गेली. इतिहासातील खरा मॅकबेथ त्यापूर्वी पाच शतके होऊन गेला. त्याने १०४० ते १०५७ राज्य केले आणि १०५० मध्ये तो रोमला गेला असता गोरगरिबांना मुक्त हस्ते पैसे वाटीत होता, अशी नोंद मरिआनुस स्कोटुस या समकालीन आयरिश मठवासीयाने ठेवली आहे. नाटकातील मॅकबेथ हा कवीची निर्मिती. परंतु त्या नावाचा एक बाप्तिस्माप्राप्त राजा खरोखर होता. त्याच्या भूमीत, त्याच्या नावासमोर हात जोडावयास आल्या त्या दूरदेशीच्या दोन बौद्ध म्हाताऱ्या. सुंदर चिलखते आणि पाकळ्यांचा वर्षाव पाहून जो प्रेक्षक परतला, त्याच्या हातून या भेटीतील मोठा लाभ निसटला, असे आम्ही म्हणू.

येथवर स्तुती झाली. परंतु या प्रयोगाबद्दल आमचा एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्याचे मूळ प्रयोगाच्या सौंदर्यातच आहे.

जाळीदार पडद्यामागे चेरीच्या पाकळ्या झरत राहतात. मॅकबेथवर चालून येणारे अरण्यही चेरीच्या फुललेल्या फांद्यांचे आहे. जपानी मनाला ते फूल क्षणभंगुरतेचे प्रतीक आहे. फुलले तोच गळाले, असे. म्हणून मॅकबेथचा नाश हाही जणू बहर ओसरण्यासारखा, ऋतू पालटण्यासारखा भासू लागतो. शेक्सपिअरचे नाटक मात्र ऋतूविषयी नाही, निवडीविषयी आहे. त्याचा नायक सुरा हाती घेण्यापूर्वी स्वतःशी वाद घालतो, आपण करतो ते पाप आहे हे जाणतो आणि जाणूनबुजून करतो. लेडी मॅकबेथ झोपेत हात धूत राहते आणि डाग जात नाही. वैद्यही तिच्यापुढे हात टेकतो आणि तिला औषधापेक्षा देवाघरच्या उपायाची गरज असल्याचे सुचवितो. त्या प्रवेशाजवळ येताच प्रत्येक धर्मगुरूला पापनिवेदनाचे आसन आठवल्यावाचून राहणार नाही. पाकळ्या गळतात तो त्यांचा दोष नसतो. खुनाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

हाच आक्षेप संगीतालाही लागू पडतो. निनागावा यांनी फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्या ‘रेक्विएम’मधील, म्हणजे मृतांच्या मिस्सेच्या संगीतातील, ‘सांक्तुस’ योजले आहे. फोरे यांची ही रचना १८८८ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये प्रथम गायिली गेली. ती कोमल आहे, आणि त्या कोमलतेचे एक कारण असे की अंतिम न्यायाच्या दिवसाचे भयकारी स्तोत्र, ‘दिएस इरे’, फोरे यांनी जवळजवळ संपूर्ण वगळले. त्याच्या शेवटच्या करुण ओळींनाच तेवढे स्वतंत्र स्थान दिले. म्हणजे दृश्यात पाकळ्या आणि श्रवणात न्यायाविना सांत्वन. दोन्ही मिळून मॅकबेथला अशी क्षमा देतात, जी त्याने मागितलेलीच नाही.

शिवाय ‘सांक्तुस’ हे मूळचे शोकगीत नव्हे. ते प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या महाप्रार्थनेत देवदूतांच्या सुरात सूर मिळवून गायचे स्तवन आहे. बुत्सुदान निनागावा यांच्या घरचे होते, म्हणून ते रंगमंचावर आणण्याचा अधिकार त्यांना होता. एखाद्या युरोपीय दिग्दर्शकाने केवळ शोभेसाठी बुत्सुदान उभारले असते, तर सुज्ञ जपानी माणूस खंतावला असता. तीच खंत आम्ही ‘सांक्तुस’विषयी व्यक्त केली, तर ती संकुचित मानली जाऊ नये. तरीही तिच्यासोबत दुसरी बाजू नोंदविणे न्याय्य होईल. हे संगीत रंगमंचावर हसण्यासाठी वा धक्का देण्यासाठी आलेले नाही. हात जोडलेल्या माणसांच्या सोबतीने आले आहे. म्हणून आम्ही याला अनादर म्हणत नाही. उसन्या घेतलेल्या वस्तूचा अर्थ पुरता न विचारणे म्हणतो.

आणखी एक गोष्ट वसईच्या, गोव्याच्या वाचकांसाठी सांगितली पाहिजे. पडद्यावर दिसणारी ती चिलखते ज्या काळातील आहेत, त्या काळाशी आपले नाते आहे. गोव्यात १५४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आंजिरो या जपानी गृहस्थाला सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास उतरले. आणि वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर खिळले गेले. हुकूम होता तो हिदेयोशी या सत्ताधीशाचा. सोन्याने मढविलेली दालने आणि फुलांनी रंगविलेले पडदे यांसाठी कलेच्या इतिहासात गाजलेला काळ तो हाच. त्या सौंदर्याकडे पाहताना आपल्या डोळ्यांपुढे ते सव्वीस क्रूस उभे राहणारच; सत्तेच्या लालसेवर फुले कितीही पसरली, तरी खाली रक्त असते, हे आपल्याला इतिहासाने शिकविले आहे.

परंतु त्याच टेकडीने दुसरेही शिकविले. त्या सव्विसांपैकी एक, संत पौल मिकी, हे जपानी येशूसंघीय होते. त्यांनी क्रुसावरून आपल्या मृत्यूस कारण झालेल्यांना क्षमा केली. ती क्षमा पाकळ्यांसारखी आपोआप गळून पडलेली नव्हती. अन्याय झाला आहे हे पुरते जाणून, त्याला अन्याय म्हणून ओळखून, ती दिली गेली. निनागावा यांच्या प्रयोगात करुणा आहे, विपुल आहे. उणीव आहे ती या ओळखीची. दोन म्हाताऱ्या मॅकबेथसाठी रडतात. त्याने मारलेल्या बँकोसाठी, मॅकडफच्या पत्नीसाठी आणि लेकरांसाठीही त्या रडत असतील. परंतु प्रयोगाचा सारा प्रकाश, सारे संगीत, सारा बहर खुन्याच्या बाजूने झुकलेला आहे.

एवढे वजा करूनही जे उरते ते थोडे नाही. मृतांसमोर बसण्याची सवय मोडत चाललेल्या जगात एका नाट्यदिग्दर्शकाने हजारो प्रेक्षकांना एका देव्हाऱ्यासमोर बसविले. आपल्या घरांतील तरुण मुले आज जपानी चित्रकथा आणि चित्रपट आवडीने पाहतात. त्यांनी हा प्रयोगही पाहावा, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याबरोबर बसून पाहावा, अशी शिफारस आम्ही मनःपूर्वक करतो. पाहून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे की, या देव्हाऱ्यात मॅकबेथसाठी जागा आहे, तशी त्याने मारलेल्यांसाठी कोठे आहे? या प्रश्नावर घरात जी चर्चा होईल, ती कोणत्याही परीक्षणाहून मोलाची ठरेल.