एक नकार, एक सौदा

आइस हॉकीत जनरल मॅनेजर स्वतः बर्फावर उतरत नाही. कोणता खेळाडू निवडायचा, कोणाला कोणाच्या बदल्यात सोडायचं, प्रशिक्षकावर किती काळ भरवसा ठेवायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. त्यामुळे नुसते चषक मोजून त्याचं काम कळत नाही. त्याचे निर्णय ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने वाचावे लागतात, आणि प्रत्येक निर्णयापाशी थांबून त्या दिवशी त्याच्यासमोर आणखी काय काय होतं हेही पाहावं लागतं. अशा वाचनाचा सर्वांत मोठा आनंद मला न्यूयॉर्क आयलँडर्सच्या बिल टॉरी यांच्या कारकिर्दीने दिला आहे.

संघ १९७२ साली लाँग आयलंडवर नव्याने उभा राहिला. इतर संघांनी मोकळे सोडलेले खेळाडू घेऊन सुरुवात करायची होती. त्यातही त्याच वर्षी सुरू झालेल्या डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगने टॉरींनी निवडलेले अनेक जण पळवले. पहिल्या हंगामात ७८ सामन्यांत १२ विजय, ६० पराभव. पण ड्राफ्टच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे तळाच्या संघाला नव्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळायची, आणि १९७३च्या त्या निवडीवर एकच नाव लिहिलेलं होतं : ओटावाचा बचावपटू डेनिस पोत्व्हँ.

इथे सॅम पोलॉक येतात. माँट्रियल कॅनेडियन्सचे हे मॅनेजर आपल्या काळातले सर्वांत धूर्त सौदागर. नवख्या, पराभवाने गांजलेल्या संघांना तयार खेळाडू द्यायचे आणि बदल्यात त्यांची पुढची पहिली निवड मागून घ्यायची, ही त्यांची पद्धत. कॅलिफोर्नियाच्या सील्स संघाशी असाच सौदा करून त्यांनी १९७१मध्ये गी लाफ्लर मिळवला होता. आता तीच मागणी त्यांनी टॉरींकडे केली.

टॉरींनी नकार दिला. या नकाराचं मोल जाणायचं तर त्यांची त्या वेळची स्थिती डोळ्यांसमोर आणायला हवी. साठ पराभवांनंतर प्रेक्षक हवे होते, मालकांना उत्तर द्यायचं होतं, आणि पोलॉक देऊ करत होते ते खेळाडू लगेच थोडेफार सामने जिंकून देणारे होते. मोह खराच होता. सील्स त्याला बळी पडले यात त्यांचा मूर्खपणा नव्हता, निकड होती. टॉरींची निकड त्यांच्याहून कमी नव्हती. तरी त्यांनी पुढचा हंगाम विकून चालू हंगाम विकत घेतला नाही.

एवढी एक ओळ लक्षात ठेवली की पुढचं सगळं तिच्याच सुरात ऐकू येतं. १९७४मध्ये ब्रायन ट्रॉटियर दुसऱ्या फेरीत निवडला, पण संघात घाईने न घेता आणखी वर्षभर ज्युनियर हॉकीत खेळू दिला. तो आला आणि पहिल्याच हंगामात त्याने ९५ गुण मिळवले. १९७७मध्ये माइक बॉसी पंधराव्या क्रमांकापर्यंत उरला. बचावात तो कच्चा आहे असा बोभाटा होता. गोल करणारा घेऊ, बचाव शिकवता येईल, असं प्रशिक्षक अल आर्बर यांचं मत पडलं आणि टॉरींनी ते मानलं. पहिल्या हंगामात बॉसीने ५३ गोल केले. तो पंधराव्यापर्यंत उरणं हे नशीबच, आणि खेळाडू हेरणाऱ्या जिम डेव्हेलानोंसारख्या सहकाऱ्यांचं श्रेयही इथे द्यायलाच हवं.

मग कसोटी आली. १९७८मध्ये प्लेऑफ मालिकेत टोरंटोकडून सातव्या सामन्यात पराभव. १९७९मध्ये साखळीत सर्वाधिक ११६ गुण, आणि उपांत्य फेरीत शेजारच्या रेंजर्सकडून हार. हा संघ मोक्याच्या वेळी ढेपाळतो, असं बोललं जाऊ लागलं. आर्बरना काढणं किंवा गाभ्याचे खेळाडू विकणं, दोन्ही सोपं होतं. टॉरींनी दोन्ही केलं नाही.

त्यांनी केला तो एकच सौदा, १० मार्च १९८० रोजी. लॉस एंजेलिसहून मधल्या फळीतला बुच गोरिंग आणला आणि बदल्यात डेव्ह लुइस व बिली हॅरिस यांना सोडलं. हॅरिस हा १९७२च्या ड्राफ्टमधला आयलँडर्सचा पहिला निवडलेला खेळाडू, आठ वर्षं इमानाने खेळलेला. मला वाटतं, नकारापेक्षाही हा होकार कठीण होता. उरलेल्या बारा सामन्यांत संघ हरला नाही. ते एकट्या गोरिंगमुळे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, कारण त्याच सुमारास पोत्व्हँ दुखापतीतून परतला होता आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकून केन मॉरोही आला होता. पण जागा नेमकी कुठे रिकामी आहे हे टॉरींनी अचूक ओळखलं होतं. २४ मेला जादा वेळेत चषक जिंकून देणारा गोल बॉब नायस्ट्रॉमने मारला. तोही १९७२च्या त्याच ड्राफ्टमधला, तिसऱ्या फेरीतला.

१९८० ते १९८३ सलग चार स्टॅनले चषक, आणि १९८४च्या अंतिम फेरीत एडमंटनकडून हरेपर्यंत सलग १९ प्लेऑफ मालिकांत विजय. चारही चषकांत तेच सोळा खेळाडू होते. एका पिढीवरचा भरवसा त्याहून स्पष्ट दिसूच शकत नाही.

त्याच भरवशाची किंमतही पुढे मोजावी लागली. सोळा जण एकत्रच थकले, जिंकणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये उशिरा मिळणाऱ्या निवडींतून पुन्हा पोत्व्हँ निघाला नाही, आणि १९९२मध्ये टॉरींनी संघ सोडला तेव्हा तो प्लेऑफमध्येही नव्हता. ही घसरण त्यांच्या खात्यात मांडलीच पाहिजे. तरीही पोलॉक यांचे नऊ चषक समोर ठेवून मी टॉरींनाच वर ठेवतो. पोलॉकना १९६४मध्ये बेलिव्होसारखा दिग्गज खेळाडू असलेला संघ तयार मिळाला होता. टॉरींना मिळाली होती इतरांनी नाकारलेल्यांची यादी, आणि त्यातलाच एक गोलरक्षक, बिली स्मिथ, चारही वेळा चषक उचलताना संघात होता.