डेव्हिस पर्वतातली ‘स्टार पार्टी’

टेक्सासच्या डेव्हिस पर्वतात मॅकडोनाल्ड वेधशाळा पाहुण्यांसाठी ‘स्टार पार्टी’ भरवते. 2023 च्या नोव्हेंबरात आम्ही ह्यूस्टनहून सहकुटुंब गेलो. (स्वेटर विसरू नका, उंची जवळजवळ दोन हजार मीटर!) शनीची कडी पाहून लेक हरखली. देवयानी दीर्घिका मात्र तिला नुसता करडा धूसर ठिपका वाटली. “फोटोत तर रंगीत असते!” दोष दुर्बिणीचा नाही. मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत आणि तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला, हे आम्हीच गाडीत सांगायला हवं होतं. मला दुर्बिणीहून सरस वाटली ती नुसत्या डोळ्यांनी केलेली ताऱ्यांची ओळख. हिरव्या लेझरचं टोक कृत्तिकांवर थांबलं आणि आजीचं अंगण आठवलं. ह्यूस्टनला आल्यापासून त्या मी कधी शोधल्याच नव्हत्या.