वहीचं छत्तिसावं पान

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात चामड्याच्या पुठ्ठ्याची एक छोटी वही जपून ठेवली आहे. चार्ल्स डार्विनने ती १८३७ च्या जुलैमध्ये लंडनला लिहायला घेतली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि ‘बीगल’ जहाजावरून मायदेशी परतून त्याला वर्षही झालं नव्हतं. अभ्यासक तिला ‘बी’ वही म्हणतात. तिच्या ३६ व्या पानावर शाईने काढलेली, फाटे फुटत गेलेली एक आकृती आहे. टिपण काढणं, शिकणं आणि नवं सुचणं या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर घडताना पाहायच्या असतील, तर या पानाच्या तोडीचं दुसरं पान मला माहीत नाही.

माइंड मॅप हा शब्द ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात घरोघरी पोचवला. मधोमध विषय, भोवती फांद्या, फांदीवर एकेक शब्द, सोबत रंग आणि चित्रं, ही त्यांची पद्धत. डार्विनच्या पानावर रंग नाहीत, मधोमध विषयही नाही. तरी विचाराला फांद्या फोडून तो डोळ्यांसमोर आणणं, हे माइंड मॅपचं मूळ काम इथे फार उंचीवर गेलेलं आहे.

पानाच्या माथ्यावर ‘मला वाटतं’ अशा अर्थाचे दोनच इंग्रजी शब्द आहेत. वाक्य तिथेच थांबतं आणि खाली आकृती सुरू होते. काय वाटतं, ते शब्दांत येत नाही, रेषांत येतं. या पानाची थोरवी इथेच कळते. आधी मत ठरलं आणि मग ते सजवून दाखवलं, असा हा क्रम नाही. मत रेषेबरोबर आकाराला येतं आहे.

ही आकृती पहिल्या झटक्यात उतरलेली नाही. दहाएक पानं अलीकडे डार्विनने अशीच दोन छोटी रेखाटनं केली होती. जीवसृष्टीला झाडापेक्षा पोवळ्याची उपमा जास्त शोभेल, असं त्याने तिथे नोंदवलं आहे. पोवळ्याचे खालचे भाग मेलेले असतात आणि वरचेच जिवंत, त्यामुळे एका फांदीतून दुसरी कशी निघाली ते दिसत नाही. हे दाखवायला त्याने खालच्या रेषा तुटक ठेवल्या. म्हणजे ३६ व्या पानावर येताना, जे आता दिसत नाही ते कसं काढायचं, हा प्रश्न त्याच्या हातात आधीच घोळत होता.

आकृती खालून वर वाचायची. तळाशी गोलात ‘१’ हा आकडा आहे. हा मूळ पूर्वज. तिथून निघालेल्या रेषेला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे. रेषांची लांबी सारखी नाही, कोन सारखे नाहीत, डावी-उजवी बाजू तोललेली नाही. वर्गीकरणाच्या तक्त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली चौकट असते; इथे फांदी कुठे वळेल याचा आधी करार नाही. हा ओबडधोबडपणा मला अतिशय देखणा वाटतो, कारण विषयाचा स्वभावच त्यात उतरला आहे.

आता शेंडे पाहा. काही रेषांच्या टोकाला छोटी आडवी रेघ आहे, काही नुसत्याच संपल्या आहेत. आडवी रेघ म्हणजे आज जिवंत असलेली जात. बिनरेघेचं टोक म्हणजे नामशेष झालेली. एवढ्याशा खुणेने सपाट कागदावर काळ आला. ओळीखाली ओळ लिहिलेल्या यादीत असलेल्यांचीच नोंद होते. नसलेल्यांसाठी तिथे जागा नसते. फांद्यांच्या आकृतीत मात्र दोन जिवंत टोकांच्या मधली मोकळी जागा नजरेला खुपते. तिथे कोण होतं, हे विचारावंच लागतं. त्या जागेतूनच निर्वंश होण्याचा विचार पानावर शिरला आहे: एका गटात अनेक जाती दिसायच्या असतील, तर बऱ्याच जाती नष्ट व्हायलाच हव्यात, असं त्याने आकृतीशेजारी लिहिलं आहे.

चार जागी ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत आणि खालच्या मजकुरात त्यांचा हिशेब. ए आणि बी यांच्या नात्यात प्रचंड अंतर, सी आणि बी अगदी निकटचे, बी आणि डी त्याहून थोडे लांबचे. जवळचं आणि लांबचं हे शब्द आपण सहज वापरतो. इथे त्यांना बोटाने चालता येईल अशी वाट मिळाली. एका टोकावरून सामाईक फाट्यापर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत चढायचं. जितकं खाली उतरावं लागेल, तितकं नातं दूरचं. त्याच वर्षी पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी गालापागोसच्या वेगवेगळ्या बेटांवरचे मॉकिंगबर्ड हे एकाच पक्ष्याचे प्रकार नसून स्वतंत्र जाती असल्याचं डार्विनला सांगितलं होतं. इतके सारखे, तरी वेगळे कसे, या कोड्याला या फाट्यांनी घर दिलं.

आकृतीचा परमोच्च बिंदू मला पुढच्या पानावर दिसतो. खालचं वाक्य ३६ व्या पानावर मावत नाही, ते ३७ वर वाहत जातं. तिथे डार्विन आकडेमोड करतो: एका प्राचीन जातीपासून आजच्या १३ जाती निघत असतील आणि जातींची एकूण संख्या कायम राहायची असेल, तर तिच्या १२ समकालीन जातींनी मागे वंशच ठेवलेला नसणार. हा आकडा त्याला कुठल्या पुस्तकात सापडलेला नव्हता. स्वतः काढलेल्या आकृतीला त्याने प्रश्न विचारला आणि आकृतीने उत्तर दिलं. काढायला बसताना जे ठाऊक नव्हतं, ते काढून झाल्यावर ठाऊक झालं. अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध त्याने वाचला तो यानंतर, १८३८ च्या सप्टेंबरमध्ये. नैसर्गिक निवडीची किल्ली तेव्हा हाती आली. फांद्यांचा आकार मात्र आधीच कागदावर तयार होता.

डार्विनच्या १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात एकच आकृती आहे आणि तीही फाट्यांचीच. तिथे आडव्या समांतर रेषांनी पिढ्यांचे टप्पे आखले आहेत, अक्षरं नीट रांगेत आहेत. ती वाचकाला समजावण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. ३६ व्या पानावरची आकृती स्वतःला समजण्यासाठी होती. दोन्हींचं मोल वेगळं. पण पुस्तकातली आकृती जन्मली ती वहीतल्या आकृतीमुळे.

हा फरक आज शिकणाऱ्यांनी मनावर घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. आपल्या शालेय कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. चौकटी आखलेल्या, बाण काढलेले, विद्यार्थ्याने उताऱ्यातला शब्द शोधून भरायचा. वाचलेलं कळलं का, हे पाहायला ते उपयोगी आहे. पण कुठून कुठे बाण जावा, हे ठरवण्यातच विचाराचा मोठा वाटा असतो, आणि तो वाटा तिथे आधीच कुणीतरी उचललेला असतो. सुबक, रंगीत, एकाही दुरुस्तीशिवायचा माइंड मॅप पाहिला की मला हीच शंका येते: या मुलीला किंवा मुलाला काढता काढता काही नवं कळलं का?

डार्विनचं पान त्यासाठी चांगला धडा देतं. फांदी काढताना ती का फुटली, हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. जिथे माहिती नाही, तिथे रिकामं टोक ठेवून त्याला खूण करावी, लपवू नये. कुठलीही दोन टोकं निवडून त्यांच्यातलं नातं पूर्ण वाक्यात लिहावं. शेवटी सगळी आकृती समोर धरून विचारावं, हे खरं असेल तर आणखी काय खरं असलं पाहिजे? या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आधी कुठल्याच टिपणात नव्हतं, असं जेव्हा घडेल, तेव्हा तो नकाशा सार्थकी लागला असं समजावं.