जोहार कोणी करायचा?

दिवाळीच्या फराळाच्या ताटात कडू काही वाढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला मान्य आहे. पण एका गाण्याने गेले काही महिने माझी पाठ सोडलेली नाही, म्हणून वाचकांची क्षमा मागून ते आज पुढे ठेवतो.

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो आणि एका रात्री भारूड असते. यंदा भारूडकार बुवा खांद्यावर घोंगडे टाकून, हाती घुंगरांची काठी घेऊन आले आणि त्यांनी एकनाथ महाराजांचा ‘जोहार’ सुरू केला. कमरेत वाकणे जरा जास्तच होते. बोलणेही मुद्दाम बोबडे केलेले. मंडप खो खो हसला. मीही हसलो. हसता हसता शेजारी पाहिले, तो माझा शाळेपासूनचा मित्र उठून चपला शोधत होता. त्याचे आजोबा या गावचे वेसकर. बाहेर गाठले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “नाथम्हाराजावर माझा राग न्हाई. पर आजा जलमभर असाच वाकला, तवा कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत.”

माझे हसू तेव्हाच ओसरले. गावात रामराम होई तो बरोबरीच्या माणसांत. जोहार मात्र खालून वर जाई. महाराने तो पाटलाला, अंमलदाराला करायचा. त्यामागे वेशीची राखण, सांगावे पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे अशी वतनाची कामे होती. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. तेव्हा हा शब्द आमच्याकडे काही केवळ पोथीतला नाही.

मग नाथांचा जोहार टाकून द्यावा काय? मूळ रचना वाचली तर तसे म्हणवत नाही. तिथे शरीर हे गाव आहे, जीव हा कारभारी आहे, आणि त्या गावाचा खरा हिशोब महाराला ठाऊक आहे. उतलेल्या कारभाऱ्यांना सावध करतो तो महारच. गावाने ज्याला सर्वांत खाली बसवले, त्याच्या तोंडी नाथांनी सर्वांत वरचे ज्ञान घातले. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मणाने हे करणे लहान धाडस नव्हते.

तरीही एक फरक विसरता येत नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांनीही जोहाराचे अभंग रचले. पण ते स्वतः महार होते. नाथांना ते घोंगडे रूपकासाठी पांघरता आले आणि उतरवून ठेवताही आले. चोखोबांना ते कधी उतरवता आले नाही. शब्द एकच, पण त्याचे ओझे दोघांच्या खांद्यावर सारखे नव्हते.

असा पेच दूरदेशीही पडला आहे. अमेरिकेत स्टीफन फॉस्टर याचे 1853 सालचे ‘माय ओल्ड केंटकी होम’ हे गाणे मुळात घरापासून तुटणाऱ्या गुलामाचे दुःख सांगणारे. पण तोंडाला काजळी फासलेले गोरे नट ते रंगभूमीवर गात. पुढे ते केंटकीचे राज्यगीत झाले आणि 1986 साली त्यातला काळ्या लोकांना हिणवणारा शब्द बदलण्यात आला. शब्द बदलला म्हणून त्या काजळीचा डाग निघतो असे मला वाटत नाही. आमच्या भारुडातही दोष शब्दांत कमी आणि सोंगात अधिक आहे. नाथांना महाराच्या शहाणपणाने ऐकणाराला शरमवायचे होते. आम्ही त्याच्या वाकण्याला हसलो. नाथांनी ज्यांना चिमटा काढला, तेच मंडपात टाळ्या पिटत होते!

कोणी म्हणेल, परंपरा आहे, तिला हात लावू नये. पण परंपरा कधी एका जागी बसून राहिली? गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्यांत राम-सीतेच्या ओव्या आहेत, तशा भीमरावांच्याही आहेत. जाते तेच, चाल तीच. बायांनी दळता दळता नवा देव्हारा मांडला. जोहाराची जागाही केव्हाच ‘जय भीम’ने घेतली आहे आणि तो ताठ मानेने म्हणायचा असतो.

म्हणून माझे मत असे, की जोहार पोथीतून काढू नये आणि त्याचे शब्दही बदलू नयेत. गायचा तर ताठ उभे राहून, अर्थ सांगून गावा. सोंग तेवढे टाकावे. आणि ज्यांच्या वाडवडिलांनी तो खरोखर केला, त्यांना तो ऐकवत नसेल, तर त्या रात्री गाऊ नये. त्यांच्या नकाराला आमच्या हौसेपेक्षा अधिक मान आहे.

पुढच्या सप्ताहाच्या बैठकीत मी हे बोलणार आहे. त्याआधी मित्राच्या घरी जाऊन त्याला विचारीन. तो नको म्हणाला, तर बुवांना ‘विंचू’ लावायला सांगू. त्याला ‘विंचू’ लहानपणापासून पाठ आहे.