लोकप्रियता आणि एकात्मता : ‘था कार्टर थ्री’ या गीतसंग्रहाचा विचार

एखाद्या कलाकृतीचा अमाप खप झाला, की तिच्याविषयी दोन सोप्या भूमिका संभवतात. खप हाच गुणाचा पुरावा, ही पहिली. आणि खप झाला त्या अर्थी तिच्यात हीनता असलीच पाहिजे, ही दुसरी. दोन्ही भूमिका कलाकृतीकडे न पाहताच निर्णय देतात. लिल वेन या अमेरिकन रॅपरचा ‘था कार्टर थ्री’ (२००८) हा संग्रह या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कारण त्याचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही खपाच्या प्रश्नाशी निगडित असली, तरी वरील दोन्ही सूत्रांत ती बसत नाहीत.

ड्वेन मायकल कार्टर हे मूळ नाव असलेला हा कलावंत १९८२ साली लुइझिआना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे जन्मला व तेथील हॉलीग्रोव्ह वस्तीत वाढला. ठेक्यावर यमकबद्ध बोलांची फेक करणारी रॅप ही कला १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उदयास आली. दीर्घकाळ न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस हीच तिची मान्यताप्राप्त केंद्रे होती. दक्षिणेकडील रॅपरांकडे काहीशा उपेक्षेनेच पाहिले जाई. जून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘था कार्टर थ्री’च्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेला संग्रह तोच ठरला. २००९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॅप संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिकही लाभले.

या यशाची पूर्वपीठिका चमत्कारिक आहे. तत्पूर्वीच्या दोन-तीन वर्षांत लिल वेनने ‘डेडिकेशन टू’ (२००६), ‘दा ड्रॉट थ्री’ (२००७) यांसारखे ‘मिक्सटेप’ प्रसृत केले होते. इतरांच्या गाजलेल्या ठेक्यांवर स्वतःचे बोल चढवून केलेले हे संग्रह रूढ विक्रीव्यवस्थेबाहेर, बहुधा विनामूल्यच, श्रोत्यांपर्यंत पोहोचत. शिवाय नियोजित संग्रहातील कित्येक गीते २००७ मध्येच बाहेर फुटली होती. म्हणजे बाजाराने जे विकले, ते कलावंताने आधीच मुक्तहस्ताने वाटले होते. टंचाईतून मोल निर्माण होते, हे अर्थशास्त्रीय गृहीत येथे लागू पडत नाही. विपुलतेनेच मागणी वाढविली.

ही विपुलता त्याच्या रचनापद्धतीतून आलेली आहे. आपण बोल कागदावर लिहीत नाही, ध्वनिमुद्रणाच्या वेळीच ते रचतो, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. त्यामुळे त्याची रचना लिखित कवितेच्या निकषांनी मोजणे अन्यायाचे ठरते. ‘अ मिली’ या गीतात एकच तुटक ध्वनी आरंभापासून अखेरपर्यंत आवर्तत राहतो; ध्रुवपद असे नाहीच. या अचल पार्श्वभूमीवर कर्त्याची वाणी मात्र क्षणभरही स्थिर राहत नाही. एका शब्दाच्या उच्चारसाम्यातून दुसरा शब्द सुचतो, श्लेषातून उपमा निघते, आणि उपमा पुरती उलगडण्याआधीच तिसरी कल्पना तिची जागा घेते. तर्काने या ओळी जुळत नाहीत, नादाने जुळतात. कागदावर विस्कळीत भासणारा हा मजकूर कानाला अखंड वाटतो, याचे कारण त्याचे एकत्व आशयात नसून उच्चाराच्या लयीत आहे.

उलट ‘लॉलिपॉप’ या गीताने बिलबोर्डच्या गीतसूचीत प्रथम क्रमांक मिळविला. परंतु त्यात वाणी यंत्राने एवढी गुळगुळीत केली आहे, की तिच्यातील वळणे व खडबडीतपणा जवळजवळ नाहीसे झाले आहेत. उरते ती एक आकर्षक चाल आणि स्त्रीदेहाकडे केवळ उपभोग्य वस्तू म्हणून पाहणारी, पुष्कळ वापरून झालेली दृष्टी. तरीही ही दोन्ही गीते एकाच संग्रहात आहेत आणि ग्राहकाने ती एकत्रच विकत घेतली आहेत. तेव्हा खपाच्या आकड्यावरून त्यांच्या गुणांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न उपस्थित होतो तो ‘टाय माय हँड्स’ या गीताच्या संदर्भात. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले, पूररक्षक बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग जलमय झाला. आपल्याच देशात जन्मलेल्या नागरिकांना जगाने निर्वासित म्हणून पाहावे, आणि शासनाने पाठ फिरवावी, ही वेदना या गीतात आहे. येथे श्लेषांची आतषबाजी नाही. एरवी क्षणोक्षणी नवी प्रतिमा फेकणारी वाणी येथे एकाच दुःखापाशी थांबते. हात बांधले गेल्याची भावना तिच्या मंदावलेल्या गतीतूनच व्यक्त होते. संग्रहातील सर्वांत उत्कट अनुभव हाच होय.

परंतु या विलापानंतर लगेच येते ते ‘मिसेस ऑफिसर’ : एका स्त्री-पोलिसाशी चाललेली शृंगारिक थट्टा. बुडालेल्या शहराच्या स्मृतीनंतर श्रोत्याला शासनाच्याच गणवेशधारी प्रतिनिधीशी चाललेली ही लगट ऐकावी लागते. यावर न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेचा दाखला देऊन समर्थन करता येईल. तेथील अंत्ययात्रेत वाद्यवृंद स्मशानाकडे जाताना संथ शोकधून वाजवितो आणि परतताना उल्हासाची. शोक आणि उत्सव यांचे सान्निध्य त्या नगरीला परके नाही. तथापि हे समर्थन टिकत नाही. अंत्ययात्रेत उल्हासाला मृताचा निरोप घेऊन झाल्याचा अधिकार असतो. शोकापासून उत्सवापर्यंतची वाट मिरवणूक स्वतः चालून जाते. संग्रहात अशी वाट नाही. एक गीत संपते आणि दुसरे सुरू होते, एवढेच. हा क्रम अनुभवाच्या गरजेतून आलेला दिसत नाही. सर्व रुचींच्या ग्राहकांना थोडेथोडे देण्याच्या हिशेबातून आलेला दिसतो.

हाच दोष समाप्तीच्या गीतात वेगळ्या रूपाने दिसतो. ‘डोन्ट गेट इट’च्या उत्तरार्धात ठेक्यावरील रचना सोडून कर्ता दीर्घ भाषण करू लागतो. क्रॅक आणि भुकटीरूप कोकेन यांसाठीच्या शिक्षांतील विषमतेवर तो बोट ठेवतो. १९८६ च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा होती, तीच भुकटीच्या ५०० ग्रॅमला होती. २०१० मध्ये हे १०० : १ प्रमाण १८ : १ वर आणले गेले. तक्रार न्याय्य होती, हे पुढील कायद्यानेही अंशतः मान्य केले. पण विचार लयीत मुरला नाही. तो गीताला जोडला गेला. ‘टाय माय हँड्स’मध्ये जे साधले, ते येथे केवळ सांगितले आहे.

म्हणून ‘था कार्टर थ्री’विषयी असा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल : त्याच्या वैगुण्याचे मूळ त्याच्या लोकप्रियतेत नाही. विनामूल्य वाटलेल्या रचनांत जी वाणी अनिर्बंध वाहत होती, तिला विक्रेय वस्तूच्या घाटात बसविताना तो घाट आतून घडविला गेला नाही, हे त्याचे मूळ आहे. बाजाराने वाणी हिरावली नाही. क्रम मात्र ठरविला. तरीही त्याच बाजाराच्या मार्गाने पाण्यात बुडालेल्या एका नगरीचा शोक अवघ्या एका आठवड्यात दहा लाखांवर श्रोत्यांच्या हाती पोहोचला. समीक्षेने या संग्रहाचा विस्कळीतपणा निःसंदिग्धपणे नोंदवावा. पण तो नोंदविताना त्या विलापाचे मोल उणे लेखू नये.