मऊपणाची खूण कुणाच्या पातेल्यासाठी?

जनावराचे चार केस प्रयोगशाळेत पाठवायचे आणि त्याचं मांस मऊ निघेल की चिवट ते आधीच सांगायचं, अशी तपासणी अमेरिका-ऑस्ट्रेलियात विकली गेली. तेच तंत्र आता आपल्या शेळ्यांवर आणावं, असं अधूनमधून सुचवलं जातं. यातलं शास्त्र खोटं नाही. आमचा आक्षेप त्याच्या जागेला आहे.

मऊपणा येतो तो जनावर कापल्यानंतर. स्नायूतलं कॅल्पेन हे विकर तंतू हळूहळू तोडतं, कॅल्पास्टॅटिन त्याला अडवतं. जनुकातल्या खुणा मुख्यतः याच दोघांच्या. त्या पारखताना मांस साधारण १४ दिवस थंडीत मुरवतात, मग शिजवलेला तुकडा कापायला किती जोर लागतो ते मोजतात. म्हणजे ही खूण शीतगृहातल्या दोन आठवड्यांबद्दल बोलते. आणि इथं चारठाण्यात? सकाळी बोकड कापला, दुपारी रस्सा तयार. कॅल्पेनला सवडच कुठाय! आपल्याकडं मटण मऊ करतं ते बोकडाचं कोवळं वय आणि चूल.

दुसरी गंमत बघा. कॅल्पेनच्या पहिल्या खुणा युरोपी वंशाच्या गुरांवर सापडल्या. अमेरिकेतल्या वशिंडवाल्या ब्रह्मन गुरांत त्या फारशा कामाला येईनात, म्हणून २००५ मध्ये आणखी एक खूण जाहीर करावी लागली. हे ब्रह्मन कोण? आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांचे वंशज. गुरांच्या एका वंशातली खूण दुसऱ्या वंशात चालेना, ती थेट उस्मानाबादी शेळीला कशी लावणार?

लाल कंधारीचा तर प्रश्नच नाही. गाय आधीपासून आणि २०१५ पासून बैल-वळूही राज्यात कापता येत नाहीत.

आणि पैसे कोण देणार? आपला खाटीक वजनावर भाव करतो, मऊपणाचा वेगळा दर कुठं लावतो? चार शेळ्या पाळणाऱ्या बाईनं तपासणीचा खर्च करावा कशाला? उस्मानाबादीची ख्याती जुळ्या करडांची. कुठल्या शेळीला किती करडं झाली, त्यातली जगली किती, तीन महिन्यांची झाल्यावर भरली किती किलो, एवढं लिहायला एक वही आणि टांगायचा काटा पुरतो. बोकड ठेवायचा तो या वहीत बघून. अशा वह्या आधी शंभर घरांत होऊ द्या, मग केस कुठं पाठवायचे त्यावर बोलू.